बालगायकाचे छायाचित्र

जुन्या संग्रहांतून बालगायकांची जी छायाचित्रे आढळतात, त्यांची मांडणी बहुधा एकाच साच्याची असते. मागे रंगविलेला पडदा, शेजारी खुर्ची वा लहानसे मेज, मध्यभागी आठ-दहा वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या कोटावर पदकांच्या रांगा. त्या काळी लहान मुलाचे गाणे मैफलीत रंगले, की श्रोत्यांतील धनिक त्यास सुवर्णपदक वा रौप्यपदक जाहीर करीत. कॅमेऱ्यास आवाज टिपता येत नसे. म्हणून कंठाचा पुरावा छातीवर मांडला जाई.

परंतु हा पुरावा अपुरा होय. गाणे श्रोत्यांस किती आवडले एवढेच पदक सांगते. ते गाणे त्या मुलाचे स्वतःचे होते काय, हे सांगत नाही. या प्रश्नाचे महत्त्व कुमार गंधर्वांच्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

शिवपुत्र कोमकळीमठ हे त्यांचे मूळ नाव. जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे. ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. पण तेवढ्यातील थोर गवयांची प्रत्येक तान व हरकत हा मुलगा हुबेहूब गाऊन दाखवी. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांस बालपणीच एका मठाधिपतींकडून लाभली.

अशी अनुकृती विलक्षण खरी. पण तीत रागाचे तयार रूप हाती येते, तो घडविण्याची रीत येत नाही. तबकडी संपली, की गाणेही संपते. शिवाय वयात येताना आवाज फुटतो, आणि बालकंठाची मोहिनी ओसरते. कुमारांचे भाग्य असे, की १९३६ च्या सुमारास ते मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे शिकू लागले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांच्या गिरगावातील विद्यालयात नाना घराण्यांच्या गवयांचा राबता असे. पुढे क्षयाच्या विकाराने कुमारांस काही वर्षे देवास येथे गाणे वर्ज्य करावे लागले. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली, आणि त्या धुनांतून त्यांनी नवे राग सिद्ध केले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा ते गाणे सर्वस्वी त्यांचेच होते.

सर्वांसच एवढा अवधी मिळाला नाही. पंजाबातील मास्टर मदन हा असाच नावाजलेला बालगायक. जून १९४२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तो निवर्तला. मागे राहिली ती मोजकी ध्वनिमुद्रिते आणि पदकांसह काढलेली त्याची छबी.

यास्तव असे छायाचित्र पाहताना पदके मोजण्यापेक्षा, त्या मुलास पुढे कोण गुरू लाभला व शिकावयास किती वर्षे मिळाली, याची चौकशी करणे अधिक उचित होय. आणि ज्या घरात गोड गळ्याचे मूल असेल, तेथे तर ही चौकशी पहिल्या पदकापूर्वीच झालेली बरी.