मोकळ्या गोठ्यातल्या टकरी

वर्षानुवर्षं दावणीला बांधलेल्या गायी एकदम मोकळ्या सोडल्या, की पहिले दोन-चार दिवस गोठ्यात टकरी होतात. अहिल्यानगर जिल्ह्यात मुक्तसंचार गोठा आता नवा राहिलेला नाही. सावेडी उपनगर मागे टाकून मनमाड रस्त्याने विळद, देहरे करत राहुरीकडे जाताना किंवा पुढे राहाता, संगमनेरच्या भागात पाइपांचं किंवा जाळीचं कुंपण आणि आत सैल बसलेल्या काळ्या-पांढऱ्या संकरित गायी दिसतात. मजुरी वाचते, गायी कोरड्या जागी बसतात, कासदाह कमी होतो, माज लवकर लक्षात येतो, म्हणून दूध उत्पादक या पद्धतीकडे वळले. पण दावं सुटल्यावर सुरू होणारी ढुशाढुशी पाहून अनेकांचा जीव घाबरा होतो. आपल्या गायी मारक्या आहेत, आपल्याकडे हे जमणार नाही, असं ठरवून त्या पुन्हा खुंट्याला बांधल्या जातात. बहुतेक वेळा गायी मारक्या नसतात. कळपात कुणी कुणापुढे बाजूला व्हायचं हे त्या ठरवत असतात, आणि ते काम त्यांना एकदा पुरं करू द्यावं लागतं.

कळपाने राहणाऱ्या प्राण्यांत चारा, पाणी, सावली यांवर पहिला हक्क कुणाचा याची एक उतरंड असते. नॉर्वेचे थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी कोंबड्यांच्या निरीक्षणातून ही गोष्ट १९२२ मध्ये शास्त्रीय लेखनात मांडली : कोण कुणाला टोचते आणि कोण निमूट टोचून घेते, याचा क्रम खुराड्यात पक्का असतो. पुढे हेच माकडांत, लांडग्यांत, घोड्यांत, घरी पाळल्या जाणाऱ्या गिनीपिगमध्ये आणि चिली देशातल्या देगू नावाच्या लहानशा कृंतकातही दिसून आलं. गायींमध्ये ही जागा मुख्यतः वय, वजन, शिंगं आणि त्या कळपात काढलेली वर्षं यांवर ठरते. सर्वांत धिप्पाड गाय वरचढ असेलच असं नाही. जुनी, हाडकुळी पण शिंगाची गाय दणकट कालवडीला नुसत्या मान वळवण्याने मागे सारते. क्रम नेहमी सरळ शिडीसारखाही नसतो. पहिली दुसरीला दाबते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी मात्र पहिलीला जुमानत नाही, असे त्रिकोण मोठ्या कळपात सर्रास असतात.

अकोले तालुक्यातली डांगी गुरं रानात चरायला जातात. तिथं हा क्रम मोकळ्या माळावर, लहानपणापासून ठरत येतो. हरलेल्या गाईला पळायला हवी तेवढी जागा असते, म्हणून भांडण चिघळत नाही. संकरित गाईची गोष्ट वेगळी. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली, १९६८ मध्ये राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ सुरू झालं. होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून राहुरीला ‘फुले त्रिवेणी’ तयार झाली. जिल्ह्यातला दूधधंदा वाढला तो या संकरित गायींवर, आणि महागडी गाय म्हणून ती दावणीलाच राहिली. शेजारणीला ढुशी मारण्यापलीकडे तिला कळपात वागण्याची संधीच मिळाली नाही. २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या तेव्हा गावोगावची अनोळखी जनावरं एका माळावर आली, पण तिथंही प्रत्येक जनावर मालकाच्या पालाजवळ आपल्या खुंट्याला. दाव्यामुळे उतरंड नाहीशी होत नाही, ती फक्त लांबणीवर पडते. दावं सुटल्या दिवशी राहिलेला सगळा हिशेब एकदम निघतो.

दोन अनोळखी गायी समोर आल्या की काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं असतं. दोघी प्रथम थबकतात आणि हवेत वास घेतात. मग एक जण अंग आडवं धरते, म्हणजे आपला सगळा आकार समोरचीला दिसेल अशी उभी राहते. मान खाली, हनुवटी छातीकडे ओढलेली, कपाळ पुढे, डोळे तिरपे. कधी पुढच्या खुराने माती उकरली जाते. बरीचशी भांडणं इथंच मिटतात. एकीने मान लांब करून डोकं खाली घातलं, नजर काढून घेतली आणि एक-दोन पावलं मागे झाली, की निकाल लागला. दोघींनीही माघार घेतली नाही तर कपाळाला कपाळ भिडतं, शिंगं अडकतात, मागचे पाय रुततात आणि रेटारेटी सुरू होते. या रेट्यात जोर जोखला जातो. धोका त्यानंतरच्या क्षणात असतो. हरणारी पाठ वळवते तेव्हा जिंकणारी तिच्या बरगडीत, फऱ्यात किंवा कासेवर एखादा टोला देते. तो चुकवून पळायला जागा असली तर पाठलाग चार-सहा पावलांत थांबतो. नसली तर जखम होते.

म्हणून गायी सोडायच्या आधी जागा पाहायची. ज्या कोपऱ्यात शिरलेली गाय दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकत नाही, तो कोपरा आडव्या पाइपने तिरका कापून बंद करावा. जमीन निसरडी नको. ओल्या कोब्यावर पाय फाकून पडलेली गाय टकरीपेक्षा त्या पडण्यानेच कायमची जायबंदी होते, म्हणून पहिली सोडणी मुरमाच्या किंवा मातीच्या कोरड्या भागात करावी. शिफारशींनुसार एका गाईला साडेतीन चौरस मीटर छताखालची आणि सात चौरस मीटर उघडी जागा लागते, आणि एका कप्प्यात पन्नासांहून जास्त गायी नसाव्यात. हे किमान आहे. जमीन हाताशी असेल तर उघडी जागा दुप्पट ठेवण्याने जेवढं साधतं, तेवढं काठी घेऊन दिवसभर उभं राहण्याने साधत नाही.

सोडल्यानंतर सर्वांत मोठा मोह मध्ये पडण्याचा असतो. रेटारेटी चालू असताना गायी सोडवल्या तर निकाल लागत नाही, आणि पुन्हा समोर आल्या की तीच टक्कर पहिल्यापासून होते. माणूस दोघींच्या मध्ये सापडला तर चार-पाचशे किलोंचा भार अंगावर येतो. कुंपणाबाहेरून नजर ठेवावी आणि तीन प्रसंगी मात्र लगेच वेगळं करावं : रक्त आलं तर, खाली पडलेल्या गाईला दुसरी मारतच राहिली तर, आणि दोन-तीन जणी मिळून एकीच्याच मागे लागल्या तर. एरवी पहिल्या दिवशीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतो आणि साधारण आठवड्यात कळप शांत होतो. या काळात दूध थोडं घटतं. घाबरलेल्या गाईच्या रक्तात अॅड्रेनॅलिन वाढतं आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं, म्हणून कासेत असलेलं दूधही सडात उतरत नाही. कळप स्थिरावला की दूध पूर्ववत होतं.

आठवडा उलटूनही भांडणं थांबत नसतील, तर कारण गाईत कमी आणि गव्हाणीत जास्त शोधावं. एका मोठ्या गाईला गव्हाणीवर दोन ते अडीच फूट रुंदी लागते, शिंगं असतील तर त्याहून जास्त. वीस गायींना पंचवीस-तीस फूट गव्हाण ठेवली, तर रोज काही जणींनी मागे उभं राहणं ठरलेलंच. मुरघास आणि पेंड पडताच वरचढ गायी तुटून पडतात, दुबळ्या मागे थांबतात आणि त्यांच्या वाट्याला शेवटी नुसती धाटं येतात. एकच रेशन टाकूनही कळपात काही गायी लठ्ठ आणि काही खप्पड का होतात, याचं उत्तर बहुधा इथं सापडतं. हुसकावलेली गाय रात्री सगळ्या बसल्यावर खाते, म्हणजे तिची विश्रांती मोडते. गाईने दिवसातून दहा-बारा तास बसावं लागतं. तेवढं बसायला न मिळालेल्या गाईचे खूर दुखू लागतात. शिवाय दूध काढल्यावर सडाचं तोंड मिटायला अर्धा-एक तास जातो. त्या वेळात गव्हाणीवर उभं राहायला न मिळाल्यामुळे ती शेणात जाऊन बसली, तर कासदाहाचा धोका वाढतो.

उपाय साधे आहेत. सर्व गायी एका वेळी तोंड घालू शकतील एवढी गव्हाण हवी. ती एका ओळीत बसत नसेल तर दोन ठिकाणी करावी. चारा एकदाच ओतण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा टाकावा आणि गव्हाण रिकामी पडू देऊ नये. गव्हाणीवर उभ्या-आडव्या पाइपांचे कप्पे केले, मान अडकवण्याची सोय असली, तर शेजारणीला बाजूने ढकलणं अवघड होतं. खुराक देताना अर्धा-पाऊण तास माना अडकवून ठेवल्या तर सर्वांत दुबळ्या गाईलाही तिचा वाटा निवांत मिळतो. पाण्याचंही तसंच. एकच हौद असला की एखादी गाय त्याच्यापुढे ठाण मांडते आणि बाकीच्या तहानलेल्या राहतात. दोन हौद, एकमेकांपासून लांब, आणि दोन्हीकडे वळसा घालून जाता येईल अशा जागी. नगरच्या उन्हाळ्यात सावलीसाठीही हीच गणती करावी लागते, कारण एप्रिल-मेमध्ये चाऱ्याइतकंच भांडण झाडाखालच्या जागेवरून होतं.

पहिलारू गायींचा विचार वेगळा करावा. वय कमी, वाढ अजून पुरी व्हायची, त्यात पहिलं वेत. मुरलेल्या गायींत त्या तळाशीच राहतात. दहा-बारा पहिलारू असतील तर त्यांचा स्वतंत्र कप्पा करणं परवडतं. एक-दोनच असतील तर त्यांना एकत्र सोडावं, एकटीला नको.

लोणीच्या किंवा घोडेगावच्या बाजारातून आणलेली नवी गाय त्याच दिवशी कळपात सोडणं सर्वांत घातक. आधी तीन आठवडे ती वेगळी ठेवावी. २०२२ मध्ये लम्पीची साथ आल्यापासून याची गरज वेगळी सांगावी लागत नाही. या तीन आठवड्यांतले शेवटचे काही दिवस तिला कळपाच्या कुंपणाला लागून बांधलं, की जाळीतून वास, आवाज आणि नजरेची ओळख होते आणि प्रत्यक्ष सोडल्यावर टकरी कमी होतात. सोडायची वेळ संध्याकाळची, सगळ्यांची पोटं भरलेली असताना. चारा टाकायच्या वेळी नवी गाय आत घेतली तर तिचं स्वागत गव्हाणीवरच्या मारानेच होतं. शक्य तर दोन नव्या गायी बरोबर सोडाव्यात, म्हणजे सगळ्या कळपाचं लक्ष एकीवर खिळत नाही. ज्यांची ओळख आहे अशा गायींचे गट उगाच मोडू नयेत. दर महिन्याला दुधाच्या हिशेबाने गायी इकडच्या तिकडे केल्या, तर उतरंड कधीच पक्की होत नाही.

माजावर आलेली गाय दुसऱ्यांवर उडते, दुसऱ्या तिच्यावर उडतात, ढकलाढकली होते. हे वर्चस्वाचं भांडण नव्हे आणि दिवसभरात ते संपतं, पण त्या दिवशी तिला बाजूला काढणं इष्ट, विशेषतः कळपात दिवस भरत आलेल्या गाभण गायी असतील तर. अशा गाभण गायींना शेवटचे काही आठवडे वेगळा कप्पा द्यावाच. पोटावर बसलेल्या एका टोल्याने गर्भपात झाल्याची उदाहरणं आहेत.

शिंगांचा प्रश्न टाळून चालत नाही. बिनशिंगी कळपातही उतरंड असते, पण जखमा कमी आणि उथळ होतात. कालवड दोन-तीन आठवड्यांची असताना शिंगाची कळी कातडीतच सुटी असते. साधारण दोन महिन्यांनंतर ती कवटीच्या हाडाला जोडली जाते आणि मग शिंग काढणं ही मोठी शस्त्रक्रिया होते. म्हणून कळी तापत्या उपकरणाने जाळायची तर लहानपणीच, तीही पशुवैद्यकाकडून आणि भूल देऊन. भूल देणं केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. भूल न देता केलेल्या या कामाची वेदना वासराला कित्येक तास पुरते, तेव्हा नियम नसता तरी ती द्यायलाच हवी होती. मोठ्या गाईची शिंगं मुळापासून न काढता टोकं बोथट करून घेता येतात.

एवढं करूनही एखादी गाय रोज कुणाला तरी फाडतेच. पूर्वी अशा जनावराच्या गळ्यात लोढणं अडकवत. ते पळण्याला अडवतं, टक्कर अडवत नाही, आणि पुढच्या पायांवर आपटून जखमा करतं. त्यापेक्षा तिला आठ-दहा दिवस कळपाबाहेर, नजरेआड ठेवावं. तेवढ्यात बाकीच्यांचा क्रम नव्याने बसतो आणि ती परत येते तेव्हा तिची जुनी जागा कुणीतरी घेतलेली असते. हा उपाय दोनदा करूनही फरक पडला नाही, तर एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, कारण बीजांडकोषात गाठी झालेल्या काही गायी सतत माजावर असल्यासारख्या वागतात आणि उपचाराने निवळतात. तपासणीत काही निघालं नाही, तर ती एकच गाय दावणीला ठेवावी. बाकीचा गोठा मोकळाच राहू द्यावा.