जुनी कागदपत्रे : आधी नोंद, मग स्कॅनिंग

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रे जपली, म्हणूनच ती पुढे ग्रंथरूपाने आली. सामान्य सत्याग्रहींच्या घरची पत्रके, पावत्या, छायाचित्रे मात्र वाळवीच्या तोंडी जातात. ती संगणकावर घ्यावीत, हे सर्वांना पटते.

आम्ही बँकेत खातेवह्या सांभाळणारे. म्हणून सांगतो, यंत्राचे काम नंतरचे. प्रथम प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा. कोणाकडून आला, तारीख कोणती, पाने किती, हे नोंदवहीत लिहावे. देणाऱ्यास पोच द्यावी, त्याची लेखी संमती घ्यावी. ठिसूळ कागद आधी घ्यावेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये. स्कॅनिंग ३०० डीपीआयपेक्षा कमी नसावे. मूळ प्रतिमा टिफमध्ये, वाचण्यासाठी पीडीएफ. फाईलला नोंदवहीतलाच क्रमांक द्यावा आणि दिवसअखेर पानांचा ताळा जमवावा. प्रती तीन ठेवाव्यात, पैकी एक दुसऱ्या गावी. दरवर्षी त्या उघडून पाहाव्यात. मूळ कागद कधीही टाकू नयेत.

छायाचित्रांतील माणसे ओळखणारे वडीलधारे आहेत तोवर नावे लिहून घ्या, बांधवांनो. ती कोणतेही यंत्र सांगणार नाही.