आधी खरारा, मग रपेट

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या मुलांनी घोडा पाहिलेला असतो तो वरातीतला: झूल पांघरलेला, बँडच्या दणक्यात उभा. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत त्यांना घोडेस्वारीच्या शिबिराला घालावे असे आईवडिलांना वाटले, तर ते योग्यच आहे. निजामाची पत्नी हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसलेल्या या पेठेत भांडी, मसाले आणि सुकामेव्याच्या घाऊक दुकानांमधून मुलांना धावायला जागा उरलेली नाही. शेजारच्या गोशामहलच्या पोलीस मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये नव्या उस्मानिया रुग्णालयाची पायाभरणी झाली. रुग्णालय हवेच, पण दाट वस्तीतली एक मोठी मोकळी जागा त्यात जाते आहे, याची हळहळ वाटते.

मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, तेव्हापासून इकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांना घोडा परका नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणकार माणूस घोड्याचे दात पाहतो, खूर उचलून बघतो, चाल निरखतो. शिबिरात मुलांना हीच नजर मिळायला हवी.

म्हणून पहिले दिवस पागेत जावेत. घोड्याला समोर अगदी नाकापुढचे आणि थेट मागचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे. घास द्यायचा तो तळहात सपाट ठेवून. कान मागे चपटे झाले की तो चिडला आहे, हे ओळखायचे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचे खाणे त्याच्या जिवावर बेतू शकते. घरून आणलेला लाडू मोतद्दाराला विचारल्याशिवाय देऊ नये. खरारा करताना मुलाचा हात घोड्याच्या अंगावर फिरतो, आणि दोघांचीही भीती तिथेच कमी होते. मग खोगीर, तंग, रिकीब. डावीकडून चढणे, टाच खाली, नजर पुढे. प्रशिक्षकाच्या हातातल्या लांब दोरावर घोडा गोल फिरत असताना मांड पक्की झाली, की दुडकी चाल. लगाम हा तोल सावरायचा आधार नव्हे, हे त्या वेळी मुलाला आपोआप समजते.

शिबिराच्या जोडीला मुलांना निसर्गही दाखवायचा, तर त्यासाठी फार लांब जायलाही नको. अफझलगंजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला, तेव्हा त्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. मुलांना ती दाखवा, मग नदी दाखवा, आणि एखाद्या रविवारी त्या पुरानंतर बांधलेला उस्मानसागर. काळवीट पाहायचे तर वनस्थलीपुरमचे हरिण वनस्थली उद्यान आहेच.

शिबिरात नाव घालण्यापूर्वी पहाटे एकदा स्वतः जाऊन या. प्रत्येक मुलाला मापाचे हेल्मेट आहे का? उन्हे चढल्यावर घोड्यांना सावली आणि पाणी मिळते का? पाठीवर खोगिराच्या जखमा तर नाहीत ना? आणि जिथे मुलाला उचलून घोड्यावर बसवतात, फोटो काढतात आणि एका फेरीनंतर पुढच्या मुलाला हाक मारतात, तिथे पैसे भरू नका.