आग विझल्यानंतरचे दिवस

आग लागल्यावर काय करावे हे सांगणारी पत्रके इथे प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर लावलेली असतात. ९९८ हा नागरी संरक्षण दलाचा क्रमांक आपली शाळकरी मुलेही सांगतात; रियाध, मक्का, मदिना आणि पूर्व प्रांतात आता ९११ लावला तरी चालते. आग विझल्यावर काय करायचे, हे मात्र कुठल्याच भिंतीवर लिहिलेले नसते. बंब निघून जातो, गर्दी पांगते, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेले कुटुंब शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात चहाचे कप नुसतेच हातात धरून बसलेले असते. त्यांच्या पुढच्या काही महिन्यांबद्दल थोडे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

पूर्व प्रांतातल्या जुन्या मंडळींना २०१५ सालची खोबरची आग आठवत असेल. ३० ऑगस्ट, रविवार, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. सौदी अराम्कोने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी भाड्याने घेतलेल्या रेडियम नावाच्या निवासी संकुलात सकाळी लवकर आग लागली, तीही तळघरातल्या मोटारतळात. धूर वर चढत गेला. सुटकेच्या कामी हेलिकॉप्टरेही आणावी लागली. त्या दिवशी नागरी संरक्षण दलाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे ११ माणसे दगावली आणि २०० हून अधिक जखमी झाली. चांगल्या नोकऱ्यांवर देशोदेशींहून आलेली ही कुटुंबे होती. ‘असल्या गोष्टी लेबर कॅम्पात होतात’ ही आपल्यातल्या पुष्कळांची समजूत त्या सकाळी खोटी ठरली.

कॅम्पातल्या माणसांचे दुःख वेगळे, आणि अधिक मोठे. १२ जुलै २०१७ ला नजरानमध्ये खिडक्याच नसलेल्या एका जुन्या घरात भारतीय आणि बांगलादेशी मिळून ११ कामगार धुराने गुदमरून गेले. त्यांच्या घरच्यांना आग दिसली नाही, नुसता फोन आला. अशा प्रसंगी पार्थिव मायदेशी पाठवणे, निराधारांची तात्पुरती सोय करणे यासाठी आपल्या वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो मदत गरज पाहून देतो. पगारदार कुटुंबाने त्याच्यावर विसंबू नये, पण घर जळून हाती काहीच उरले नसेल तर विचारायला लाजूही नये.

आता मूळ विषयाकडे वळू. गावाकडे घर जळाले तर तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि पंचनामा होण्याआधीच चार घरांतून भाकरी येते. मुख्य म्हणजे आपण कोण, हे तिथे कुणाला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. पोस्टमनपासून सरपंचापर्यंत सगळे ओळखतात. इथे आपली ओळख कागदावर असते. इकामा, पासपोर्ट, भाडेकरार, मुलांचे दाखले. फर्निचर जळाले तर पैशाचे नुकसान झाले, पण हे कागद जळले तर आपण इथे राहतो याचा पुरावाच गेला. म्हणून परदेशातली आग दुहेरी असते. एक दोन तासांत विझते, दुसरी कचेऱ्यांच्या खिडक्यांवर महिनोन्महिने धुमसत राहते.

पूर्वीपेक्षा एक सोय झाली आहे. इकाम्याची नोंद संगणकात असते आणि ‘अबशर’वर तो डिजिटल रूपात दिसतो, त्यामुळे कार्ड जळले तरी माणूस बेकायदा ठरत नाही. पण अबशर उघडायला संकेतांक येतो मोबाईलवर, आणि मोबाईल तर उशाशीच जळालेला! तेव्हा कुणी काहीही सांगो, पहिले काम सिमकार्डाचे. त्यासाठी बोटांचे ठसे लागतात. २०१६ पासून इथे ठशाशिवाय सिम मिळत नाही. हात भाजलेला असेल तर इथेच गाडी अडते. अशा वेळी कंपनीच्या सरकारी कामे पाहणाऱ्या माणसाला, ज्याला आपण सगळे ‘मंदूब’ म्हणतो, इस्पितळाचा कागद देऊन बरोबर न्यावे. सिम आले की अबशर उघडते, बँक उघडते, आणि मग इतर कामांना हात घालता येतो.

यातच एक गोष्ट लपलेली आहे, तिचा विचार प्रत्येक घराने आजच करावा. बहुतेक घरांत अबशर, बँक, भाडेकरार सगळे नवऱ्याच्या नावावर आणि नवऱ्याच्या फोनवर असते. बायको-मुले ‘अवलंबित’. तो भाजून इस्पितळात पडला तर बाई शाबूत असूनही तिच्या हातात काही नसते. तिच्या नावे वेगळे सिम, तिचे स्वतःचे अबशर खाते आणि थोडे पैसे असलेले तिचे बँक खाते एवढे करून ठेवायला एक सुटीची दुपार पुरते. मराठी माणूस आयुर्विम्याचे हप्ते नेमाने भरतो, पण हे काम टाळतो. याचे मला कायम नवल वाटत आले आहे.

पासपोर्टाबाबत घाई करून काही टाकून देऊ नका. जळका तुकडा उरला असेल, त्यावरचा क्रमांक आणि नाव वाचता येत असेल, फोटो शाबूत असेल, तर तो ‘खराब झालेला’ पासपोर्ट ठरतो आणि काम पुष्कळ सोपे होते. काहीच वाचता येत नसेल तर प्रकरण लांबते. दोन्ही वेळा आगीचा अहवाल लागतो. नवा पासपोर्ट हाती आला की काम संपले असे समजू नये. त्याचा क्रमांक इथल्या जवाझातच्या नोंदीत चढवावा लागतो. त्यालाच ‘नक्ल मालुमात’ म्हणतात. ते राहून गेले तर विमानतळावर अडकायला होते. घरी जायची फारच निकड असेल तर वकिलात तात्पुरता प्रवासाचा दाखला देते, पण तो एकेरी असतो. त्यावर भारतात पोचता येते, परत येता येत नाही. आई आजारी आहे म्हणून घाईने तो घेण्यापूर्वी नोकरीचा विचार करावा.

इथे जन्मलेल्या मुलांचे कागद सर्वात नाजूक. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत झालेली असणे नागरिकत्वासाठी आवश्यक आहे. त्या नोंदीची प्रत जिथे नोंद झाली तिथून, म्हणजे रियाधच्या दूतावासातून किंवा जेद्दाच्या वाणिज्य दूतावासातून मागवावी लागते, आणि सौदी जन्मदाखला इथल्या नागरी नोंदणी कार्यालयातून. पदवीचे कागद विद्यापीठाकडून दुय्यम प्रत म्हणून मिळतात, पण त्यासाठी भारतात धावपळ करणारा भाऊ किंवा मेव्हणा लागतो. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात जे ठेवता येते ते ठेवावे, बाकीच्याची प्रत सासरी आणि माहेरी एकेक ठेवावी. लग्नाच्या अल्बमचेही तेच.

जळालेल्या घरात परत जाण्याची ओढ फार असते. पण नागरी संरक्षण दलाची तपासणी होऊन त्यांनी हो म्हणेपर्यंत आत जाऊ नये आणि झाडलोट तर मुळीच करू नये. आग कशाने लागली हे त्यांचा अहवाल सांगतो, आणि घरमालक व भाडेकरू यांच्यात नुकसान कुणी सोसायचे हा वाद पुढे याच कागदावर फिरतो. बोळ्याने सगळे पुसून काढल्यावर ‘वायरिंग जुने होते’ म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. इमारतीचा विमा असला तरी तो मालकाचा. आपल्या सामानाचा विमा आपण काढायचा असतो, आणि आपण काढत नाही. आधी फोटो काढावेत, खोलीवार यादी करावी, मग हात लावावा.

लोखंडी तिजोरी गरम असताना उघडू नका. आतले कागद तापून काळवंडलेले असतात, आणि हवा लागताच पेट घेऊ शकतात. एक दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. बंबाच्या पाण्याने भिजलेले कागद उन्हात वाळवण्यापेक्षा प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवावेत. गोठल्यावर बुरशी थांबते, आणि मग सवडीने एकेक पान सोडवता येते. शुद्ध सोने १०६४ अंशांना वितळते, २२ कॅरेटचे त्याआधीच. पण वितळलेला गोळा सोनेच असतो, तेव्हा राख चाळून बघावी. भारतीय नोटा जळून कोळसा झाल्या असतील तर साधी बँक त्या घेत नाही, रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत दावा करता येतो. धुराची धग लागलेले धान्य, बरण्या, औषधे मात्र कितीही जीव तुटला तरी टाकावीत. बरणीचे झाकण घट्ट होते, हे कारण पुरेसे नाही. टीव्ही, संगणक वरून चांगले दिसले तरी लगेच लावू नयेत. जळालेल्या वायरींच्या प्लास्टिकचा धूर आम्लयुक्त असतो आणि आतले भाग खातो.

आणि देव. टाक, लंगडा बाळकृष्ण, सासूबाईंनी दिलेली अन्नपूर्णा. पितळ-चांदीचे देव काळे पडतात, कधी वितळून विद्रूप होतात. त्यांचे विसर्जन इथे करता येत नाही. बहुतेक जण ते कापडात गुंडाळून जपतात आणि पुढच्या सुटीत गावी नेतात. बायका या गोष्टीचे दुःख बोलून दाखवत नाहीत, कारण लाखोंचे नुकसान झालेले असताना एका टाकासाठी काय रडायचे, असे घरातच कुणीतरी म्हणालेले असते. असे म्हणू नये.

मदतीविषयी मला थोडे परखड लिहायचे आहे. पहिल्या चार दिवसांत आपली मंडळी धावून येतात. डबे इतके येतात की ठेवायला जागा नसते, कपड्यांची गाठोडी येतात, त्यांतली निम्मी नको असलेली. पाचव्या दिवसापासून फोन कमी होतात. तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा नवे घर भाड्याने घेतलेले असते आणि त्यात एक गादी व एक बादली असते, तेव्हा कुणीच नसते. खरी गरज तेव्हाची. त्या वेळी पोळपाट-लाटणे लागते, कुकर लागतो, गावाहून वर्षाचा आणलेला आणि जळून गेलेला गोडा मसाला लागतो, विरजण लागते. मंदूबबरोबर जायला गाडी लागते, आणि अरबी फॉर्म वाचणारा माणूस लागतो. पैशांच्या बाबतीत सावध राहावे. परवान्याशिवाय जाहीर वर्गणी गोळा करणे या देशात गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. व्हॉट्सअॅपवर यादी फिरवून त्या कुटुंबाला नव्या संकटात टाकू नये. ज्याला द्यायचे त्याने आपल्या हाताने, आपल्या ओळखीत द्यावे, वस्तू द्यावी किंवा उसने म्हणून द्यावे. स्वाभिमानी माणसाला उसने घेणे सोपे जाते.

मुले बहुधा मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात, पण त्यांचा मार्ग निराळा. धाकटे पुन्हा अंथरूण ओले करू लागते, फोडणीच्या धुराला घाबरते, रात्री दिवा मालवू देत नाही. काही आठवडे हे चालायचेच. महिना उलटूनही कमी झाले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. त्यांच्यासमोर ‘कुणाच्या चुकीने’ ही चर्चा नको, कारण मुले गुपचूप तो दोष आपल्याकडे घेतात. चार्जर आपणच लावून ठेवला होता, असे त्यांना वाटत राहते.

याच काळात घरात एक प्रश्न उभा राहतो: बायको-मुलांना भारतात पाठवून द्यावे का? सासर-माहेरची माणसे फोनवर तेच सांगतात. शाळा नसलेले लहान मूल असेल तर सहा महिने आजीकडे जाणे उत्तमच. पण मूल दहावीत किंवा बारावीत असेल तर घाई नको. सीबीएसईची नावनोंदणी नववीत आणि अकरावीत होते, आणि परीक्षेच्या वर्षात शाळा बदलणे सोपे नसते. इथल्या भारतीय शाळेतला वर्ग, तेच मित्र, तीच बस, एवढेच त्या मुलाचे न जळलेले जग असते. जाणाऱ्यांनीही निर्णय कागद पुरे झाल्यावर घ्यावा, कारण अर्धवट कागदांवर बाहेर पडलेल्यांना परतीची वाट अवघड होते.

नवे घर घेताना भाड्याआधी विजेचे बोर्ड बघा. या देशात जुन्या इमारतींतून १२७ आणि २२० अशा दोन्ही दाबांची वीज खेळवलेली आहे. २३० व्होल्टकडे जाण्याचा निर्णय २०१० सालचा, पण काम टप्प्याटप्प्याने चालते. २००० वॅटचा हीटर २२० व्होल्टवर सुमारे ९ अँपियर ओढतो आणि त्याच ताकदीचा १२७ चा हीटर जवळजवळ १६. तार तीच असेल तर ती तिप्पट तापते. त्यात भारतातून आणलेला मिक्सर, इथली इस्त्री आणि स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड एकाच भोकात. भाडेकरार सही करण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनला शंभर-दीडशे रियाल देऊन बोर्ड उघडून बघायला सांगा, धुराचा गजर प्रत्येक झोपायच्या खोलीत बसवा, आणि खिडकीच्या गजांना आतून उघडणारी झडप आहे का तेही बघा. नसेल तर मालकाकडून करून घ्या, आणि मगच सामान हलवा.