‘बट’ला दिली रजा

परवाचीच गोष्ट. धाकटी नववीत आहे. तिच्या वहीत बाईंनी एका वाक्याला लाल गोल केलेला. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टु स्कूल.’

"आई, यात चुकलं काय गं?"

मला तरी कुठे ठाऊक! भाकऱ्या उरकल्या आणि दोघी व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसलो. तेव्हा उमगलं. आपली मराठी जोडीनं चालते. ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ आलंच, ‘जर’च्या मागोमाग ‘तर’. इंग्रजीत मात्र इथे एकाच शब्दानं भागतं. ‘ऑल्दो’ आलं की ‘बट’ नको. नुसतं ‘बट’ वापरलं तर संयुक्त वाक्य, म्हणजे दोन्ही वाक्यं बरोबरीची. ‘ऑल्दो’ घेतलं तर मिश्र वाक्य. पाऊस गौण, शाळेत जाणं मुख्य!

लेक झोपली, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय, "मला बी.ए. करायचं होतं, पण लग्न झालं." दोन्ही गोष्टी बरोबरीच्या, अन् शेवटचा शब्द लग्नाचाच.

मैत्रिणींनो, यंदा मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरलाय. वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं, ‘ऑल्दो आय गॉट मॅरिड अर्ली, आय विल फिनिश माय बी.ए.’

लेकीनं लाल पेन घेऊन तपासलं. एकही गोल नाही!