वटवाघळांचे अनाथालय

वटवाघळाविषयी आपल्या खेड्यापाड्यांत फारसे चांगले बोलले जात नाही. ते घरात शिरले तर अपशकुन, आणि केसांत अडकले तर निघतच नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून वाचकांना हे वाचून नवल वाटेल की, काही माणसे जखमी व पोरक्या वटवाघळांसाठी रात्रीचा दिवस करतात आणि त्यांच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजून पुन्हा रानात सोडतात. त्या माणसांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. ती दूरदेशीची आहे खरी. परंतु तिचा संबंध आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील उन्हाळ्याशी, मोहाशी आणि कापसाशीही पोहोचतो.

प्रथम ह्या प्राण्याची ओळख करून घेऊ. वटवाघूळ हा पक्षी नव्हे. ते अंडी घालीत नाही, पिल्लांना जन्म देते व त्यांना आपले दूध पाजते. आपल्याकडे वड, पिंपळ, चिंच अशा थोराड झाडांवर शेकड्यांनी लोंबकळताना दिसते, ते फळे खाणारे मोठे वटवाघूळ. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी चार फुटांच्या आसपास भरते. ते आंधळे नसते. त्याची दृष्टी चांगली असते आणि तिच्याच व नाकाच्या आधाराने ते फळे-फुले शोधते. मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. पहिले काही आठवडे ती पिल्लाला छातीशी घेऊनच उडते आणि जवळजवळ पाच महिने त्याला दूध पाजते. अशी एक आई मेली की तिच्यामागे पिल्लूही जाते, आणि थवा पुन्हा भरून येण्यास वर्षे लागतात. जेथे संततीच इतकी थोडी, तेथे एकेक जीव वाचविणे हे वेडेपण ठरत नाही.

असे काम कसे चालते ते पाहावयाचे तर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतातील अॅथर्टन पठारावर टोल्गा नावाच्या लहानशा गावी जावे लागेल. जेनी मॅक्लीन ह्या बाईंनी तेथे वटवाघळांचे इस्पितळ उभे केले आहे. त्या भागात डोळ्यांभोवती चष्म्यासारखे फिकट केस असलेले एक मोठे वटवाघूळ आहे. सन १९९० च्या सुमारास ही वटवाघळे झाडांखाली लुळी पडलेली मोठ्या संख्येने आढळू लागली. कारण निघाले एक गोचीड. तिच्या विषाने अंग लुळे पडते आणि शेवटी श्वासही थांबतो. वांग्याच्या कुळातील एक परदेशी रानझुडूप तेथे फोफावले आहे; त्याची फळे खाण्यास वटवाघळे जमिनीजवळ उतरतात आणि तेथेच गोचीड त्यांना लागते, असे जाणकार सांगतात.

गोचिडीचा हंगाम तेथे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमका पिल्ले अंगावर असण्याचा काळ. आई लुळी होऊन खाली पडते, आणि तिला बिलगलेले पिल्लू बहुधा धडधाकट असते. त्या दिवसांत स्वयंसेवक रोज थव्याखालची जमीन धुंडाळतात. आई जगण्यासारखी असेल तर गोचीड काढून तिला विषावर उतारा देतात. पिल्लाला कपड्यात गुंडाळून ऊब देतात, ठराविक वेळी बाटलीने दूध भरवितात. आईच्या अंगाची सवय असलेल्या पिल्लाला बिलगायला कापडाची गुंडाळी देतात. पुढे त्याला फळांची गोडी लावतात, मग मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव करू देतात. शेवटी पिल्लांचा गटच्या गट रानातील थव्याजवळ सोडतात, आणि ती स्वतः पोट भरू लागेपर्यंत तेथे खाद्य ठेवतात. काही वर्षी अशी पोरकी पिल्ले शेकड्यांनी येतात. देशोदेशींचे स्वयंसेवक तेथे राहून हे काम करतात. मात्र रेबीजची लस घेतल्यावाचून कोणालाही वटवाघळास हात लावू दिला जात नाही.

ह्या सगळ्या मायेचे गमक असे की, पिल्लू माणसाला चिकटून राहावे अशी कोणाचीच इच्छा नसते. ते एके दिवशी मागे न पाहता उडून गेले, तरच काम सफल झाले.

आता आमच्याकडे वळू. गोचिडीचे ते संकट आमच्याकडे नसले तरी दुसरे एक आहे, ते म्हणजे ऊन. सन २०१८ च्या नोव्हेंबरात क्वीन्सलंडच्या केर्न्स भागात दोन दिवस असे ऊन तापले की, त्याच चष्मेवाल्या जातीची सुमारे २३,००० वटवाघळे मेली. तिच्या एकूण संख्येचा तो जवळजवळ एक तृतीयांश भाग होता. पारा ४२ अंशांच्या वर गेला की मोठी वटवाघळे पंखांनी वारा घेऊ लागतात, अंगाला थुंकी लावतात, धापा टाकतात, खाली खोडाशी गर्दी करतात आणि मग गळून पडतात. आमच्या देशातही मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील गोरखपूरजवळ बेलघाट येथे उन्हाने वटवाघळांचा सडा पडला होता. आदिलाबादेत ४५ अंश ही काही अपूर्व गोष्ट नव्हे, आणि आपल्या मोठ्या वटवाघळांची पिल्ले बहुतांशी फेब्रुवारी ते मे ह्याच महिन्यांत जन्मतात. शिवाय संक्रांतीच्या पतंगांचा नायलॉन मांजा आहेच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली. तरी झाडांत अडकलेला मांजा अंधारात उडणाऱ्याचे पंख कापीतच राहतो.

कोणी म्हणेल, आपल्या फळांचा नाश करणाऱ्याची एवढी काळजी कशाला? कायदाही एके काळी असेच म्हणत होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. आणि वाटेल त्यापेक्षा वटवाघळाचे देणे मोठे आहे. मोहाचे फूल रात्री उमलते. त्याचा गोड गर खाण्यासाठी वटवाघळे ह्या झाडावरून त्या झाडावर जातात आणि परागही नेतात. फळांच्या बिया दूरवर टाकतात. ज्या मोहाचे लाडू करून आमच्या उटनूरच्या आदिवासी भगिनी विकतात, त्या मोहाच्या मागे हे रात्रीचे मजूर आहेत. लहान जातीची वटवाघळे तर किडेच खातात. अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या आठ तालुक्यांएवढ्या कापूसपट्ट्यात बोंडअळीचे पतंग खाऊन वटवाघळे वर्षाला सुमारे ७,४१,००० डॉलर वाचवितात, असा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कापसावरच ज्यांचे वर्ष उभे राहते, त्या शेतकरी कुटुंबांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

तथापि दया म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. वटवाघळांच्या अंगी काही रोगांचे विषाणू असतात. केरळात २०१८ मध्ये निपाहने माणसे दगावली. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहांतील वटवाघळांचे नमुने घेतले असता त्यांतही निपाहच्या खुणा मिळाल्या. म्हणून पुढील गोष्टी घरातील मुलांनाही सांगाव्यात. पक्ष्याप्राण्यांनी चावलेले फळ खाऊ नये. शिंदी-ताडीचे मडके झाकून ठेवावे. पडलेल्या वटवाघळास उघड्या हाताने मुळीच शिवू नये. ते चावले वा ओरखडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजच्या लसीविषयी विचारावे.

पिल्लू सापडलेच तर कुत्री, कावळे व मुले ह्यांना दूर ठेवावे. वर लपेटून टाकलेल्या जाड कापडाने, हात न लावता, ते भोके पाडलेल्या खोक्यात घालून सावलीत, अंधारात, शांत जागी ठेवावे. गाईचे दूध पाजू नये, घशात पाणी ओतू नये. अशा मायेने पिल्ले मरतात. लगेच वनखात्याच्या कर्मचाऱ्यास कळवावे. नागपुरास सेमिनरी हिल्स येथे वनखात्याचे जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. अशा ठिकाणी जाणत्या हातांनी उपचार होतात. घरी पाळण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ते बेकायदेशीर आहे व घातकही.

आणि ज्यांना ह्यातले काहीच जमण्यासारखे नाही, त्यांनी एवढे तरी करावे: संक्रांत संपल्यावर झाडांत लटकलेला मांजा काढून टाकावा, आणि ज्या वडावर वटवाघळांचा थवा आहे त्याच्या फांद्या ऐन उन्हाळ्यात छाटू नयेत. त्या सावलीतच एकेका आईचे एकुलते पिल्लू तो महिना काढीत असते.