दोरीत ओवलेला प्रोग्राम

डॉन आयल्स यांनी चांद्रयानाच्या प्रोग्राममध्ये एके ठिकाणी 0.2 हा आकडा लिहिला होता. कागदोपत्री तिथे 0.3 हवा होता. वस्तुस्थितीला धरून लिहायचं तर 0.075. माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला तेव्हा यानाच्या संगणकात हा चुकीचा 0.2 होता, आणि त्याच्या जागी अधिकृत 0.3 असता तर ते उतरणं बहुधा मध्येच सोडून द्यावं लागलं असतं. हे कुणा टीकाकाराने शोधून काढलेलं नाही. पस्तीस वर्षांनी मागे वळून पाहताना खुद्द आयल्स यांनीच ते सविस्तर लिहून ठेवलं.

या आकड्याकडे परत यायचंच आहे. आधी तो ज्या यंत्रात होता त्याची ओळख करून घेऊ.

मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला एमआयटीची इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरी होती. ऑगस्ट 1961 मध्ये नासाने अपोलो यानाला वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचं काम तिच्याकडे सोपवलं. प्रयोगशाळेचे प्रमुख चार्ल्स स्टार्क ड्रेपर तेव्हा साठीला आले होते. यंत्रणेवर आपला विश्वास आहे हे सांगण्यासाठी त्यांनी नासाला पत्र लिहिलं : अंतराळवीर म्हणून मलाच न्या. त्यांना नेलं नाही, पण त्यांच्या माणसांनी घडवलेला 32 किलोंचा संगणक चंद्रावर उतरण्याच्या प्रत्येक मोहिमेत दोनदा गेला. एक मुख्य यानात आणि एक चंद्रावर उतरणाऱ्या यानात. त्याची कायमची स्मृती 36,864 शब्दांची आणि पुसून पुन्हा लिहिता येईल अशी स्मृती 2,048 शब्दांची. आजच्या हिशेबात सुमारे 74 किलोबाइट आणि 4 किलोबाइट. एवढ्या जागेत चंद्राची वाट, इंजिनाचा जोर, यानाचा कल, रडार आणि माणसाशी बोलणारा आकड्यांचा फलक, सगळं बसवायचं होतं.

ही कायमची स्मृती अक्षरशः ओवलेली होती. इवल्याशा चुंबकीय कड्यांच्या रांगा आणि त्यांतून जाणारी तांब्याची बारीक तार. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाजूने गेली तर शून्य. वॉल्थम गावातल्या रेथिऑनच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून हे काम करत. त्यांच्यातल्या काही कापडगिरण्यांमधून आल्या होत्या, काही त्याच गावच्या घड्याळांच्या कारखान्यातून. छिद्रांच्या पट्टीवर चालणारं यंत्र नेमकी कडी समोर आणून धरायचं आणि त्या सुई आरपार करून पलीकडे द्यायच्या. प्रोग्रामरने कागदावर लिहिलेलं प्रत्येक वाक्य असं दोन बायकांच्या हातांतून गेलं. केंब्रिजमध्ये या स्मृतीला ‘रोप’, म्हणजे दोरी, म्हणत आणि एखाद्या मोहिमेचा प्रोग्राम ज्याच्या जबाबदारीवर असे त्याला ‘रोप मदर’. तो पुरुष असला तरी मदरच. मला हा शब्द फार आवडतो. दोरी ओवायला कित्येक आठवडे लागत, म्हणून उड्डाणाच्या कितीतरी आधी प्रोग्राम मिटवून हातावेगळा करावा लागे. एकदा ओवलं की ओवलं. मागाहून सुचलेली शहाणीव कड्यांच्या बाहेरच राहायची.

हे लिहिणारी माणसं विशी-तिशीतली होती. आयल्स 1966 मध्ये बोस्टन विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन थेट इथे आले. प्रोग्रामिंगचा अनुभव नव्हता, आणि तो फारसा कुणालाच नव्हता. मार्गारेट हॅमिल्टन हवाई संरक्षणाच्या एका मोठ्या प्रणालीवर काम करून आल्या होत्या. पुढे त्या उड्डाणाच्या सॉफ्टवेअरच्या प्रमुख झाल्या. प्रोग्रामच्या छापील प्रतींच्या, त्यांच्याच उंचीच्या चळतीशेजारी त्या हसत उभ्या असलेला 1969 सालचा फोटो अनेकांनी पाहिला असेल.

हॅमिल्टन यांच्या आठवणींत त्यांची लहानगी लेक येते. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर प्रयोगशाळेत आलेली ही मुलगी नकली यानाच्या कळांशी खेळत होती. यान ‘उडत’ असतानाच तिने उड्डाणाआधी चालवायचा पी-01 हा प्रोग्राम सुरू केला आणि सगळं कोलमडलं. हॅमिल्टन म्हणाल्या, अंतराळवीराकडूनही असं होऊ शकेल, प्रोग्राममध्येच अडसर घालूया. उत्तर आलं की अंतराळवीर प्रशिक्षित असतात, ते चुकत नाहीत. डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चंद्राला फेऱ्या घालून परतत असताना जिम लॉव्हेल यांना 01 क्रमांकाचा तारा निवडायचा होता. त्यांनी निवडला पी-01. यान कुठे आहे, कसं वळलेलं आहे याची संगणकातली माहिती गेली आणि ताऱ्यांचा वेध घेऊन ती पुन्हा बसवावी लागली. दमलेला माणूस चुकणारच, हे त्या घरात मूल असलेल्या बाईला आधी कळलं होतं.

या संगणकातली खरी प्रतिभा मात्र मला हॅल लॅनिंग यांच्या रचनेत दिसते. त्या काळी ठरीव पद्धत अशी की प्रत्येक कामाला आधीच वेळ वाटून द्यायचा. लॅनिंग यांनी प्रत्येक कामाला वेळेऐवजी महत्त्व नेमून दिलं. ज्याचं महत्त्व जास्त ते आधी, बाकीची थांबतील. त्याच्या जोडीला सहकाऱ्यांनी दुसरी सोय केली : संगणक गुदमरलाच तर क्षणात सगळं टाकून नव्याने सुरू व्हायचं, आणि ज्याशिवाय चालणारच नाही तेवढंच काम, जिथे थांबलं होतं तिथून, पुन्हा हाती घ्यायचं.

20 जुलै 1969 रोजी या सोयीची पाचदा कसोटी लागली. अपोलो 11 चं यान चंद्रापासून सुमारे 10 किलोमीटर उंचीवर असताना फलकावर 1202 हा इशारा आला. मूळ दोष प्रोग्रामचा नव्हता. परतीच्या भेटीसाठीचं रडार चालू होतं आणि त्याच्या व संगणकाच्या वीजपुरवठ्यांची वारंवारता सारखी असली तरी लय जुळत नव्हती. त्यामुळे अँटेना सारखी हलते आहे असे खोटे संकेत सेकंदाला 12,800 वेळा संगणकावर आदळत होते. त्यात त्याचा सुमारे 15 टक्के वेळ वाया जात होता. वर यानातले अंतराळवीर आल्ड्रिन यांनी उंचीचा फरक दाखवायला सांगितला, आणि भांडं काठोकाठ भरलं.

ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात 24 वर्षांचे जॅक गारमन बसले होते. पंधरवड्यापूर्वी सरावात असाच इशारा आल्यावर उतरणं विनाकारण रद्द केलं गेलं होतं. त्यानंतर गारमन यांनी सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून टेबलावरच्या काचेखाली ठेवली होती. वारंवार आला नाही तर पुढे जा, हे त्यांनी, ज्यांनी निर्णय द्यायचा होता त्या 26 वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांना सांगितलं आणि बेल्स यांनी होकार दिला. चार वेळा 1202, एकदा 1201. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण संगणक बिघडला आणि माणसांनी सावरलं असं सांगतात. मला ते अन्यायाचं वाटतं. संगणक तेव्हा त्याला शिकवलेलं सगळ्यात अवघड काम बिनचूक करत होता : काय सोडून द्यायचं ते ठरवत होता.

आता तो 0.2. इंजिनाला जोर वाढवायला सांगितला की प्रत्यक्ष जोर वाढायला किंचित वेळ लागतो. हा उशीर गणितात धरावा लागतो. इंजिन बनवणारे आणि प्रोग्राम लिहिणारे यांच्यातल्या अधिकृत कागदावर तो 0.3 सेकंद होता. आयल्स यांनी 0.2 धरला, कारण नकली उड्डाणात तेवढ्याने भागत होतं. दरम्यान इंजिन सुधारत गेलं आणि त्याचा उशीर 0.075 सेकंदावर आला, पण कागदावरचा आकडा बदलायचं राहून गेलं. परिणाम असा की अपोलो 11 आणि 12 उतरत असताना शेवटच्या टप्प्यात इंजिनाचा जोर अस्वस्थपणे वरखाली होत राहिला. गती मोजणारं उपकरण यानाच्या गुरुत्वमध्यापासून दूर होतं. यान कललं की त्याला ते खालीवर झाल्यासारखं वाटे, आणि गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करणारा प्रोग्राम त्या भासामागे धावत राही. उतरण्याचं गणित रचणाऱ्या ॲलन क्लम्प यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की 0.2 ने प्रणाली कशीबशी स्थिर राहिली होती. 0.3 ने राहिली नसती.

ही एकच वेळ नव्हे. जानेवारी 1968 मध्ये अपोलो 5 या निर्मनुष्य मोहिमेत यानाचं इंजिन चार सेकंदांत प्रोग्रामनेच बंद केलं होतं. त्या वेळी जोर नेहमीपेक्षा सावकाश वाढणार आहे, ही बाब प्रोग्रामरांपर्यंत पोचलीच नव्हती.

5 फेब्रुवारी 1971 रोजी आयल्स यांच्यावर पुन्हा वेळ आली. अपोलो 14 चं यान उतरण्याच्या तयारीत असताना ‘मोहीम सोडा’ या बटणाचा संकेत कुणी हात न लावताच येऊ लागला. बटणाच्या आत बहुधा धातूचा सुटा कण होता; फलकावर टिचकी मारली की संकेत जायचा, पुन्हा यायचा. इंजिन पेटल्यावर तो आला असता तर संगणकाने इमानेइतबारे यान वर परत नेलं असतं. प्रोग्राम दोरीत ओवलेला, बदलणं अशक्य. हातात दोन तासही नव्हते. पुसून लिहिता येणाऱ्या त्या 2,048 शब्दांपैकी काही आकडे बदलून, मोहीम सोडण्याचा प्रोग्राम आधीच चालू आहे, असं संगणकाला भासवायचा मार्ग 27 वर्षांच्या आयल्स यांनी काढला. मग तो बटणाकडे बघायचाच नाही. यानातले अंतराळवीर एडगर मिचेल यांनी साठएक कळा एकेक करून दाबल्या, ॲलन शेपर्ड यांनी सुरुवातीचा जोर हाताने वाढवला, आणि यान उतरलं.

चंद्रावर उतरण्यासाठी गेलेल्या यानांच्या संगणकांपैकी एकही परत आला नाही. काही यानांसह चंद्रावर आदळवले गेले. अपोलो 13 चा पृथ्वीच्या वातावरणात जळाला. त्या दोऱ्या गेल्या, पण छापील प्रती राहिल्या. हौशी लोकांनी त्या अक्षर न् अक्षर पुन्हा टंकल्या आणि आज त्या कुणालाही वाचता येतात. ओळींच्या शेजारी तरुण प्रोग्रामरांनी स्वतःसाठी केलेल्या नोंदी आहेत. एके ठिकाणी लिहिलं आहे की ही सोय तात्पुरती आहे, आणि पुढे ‘अशी आशा’ हे तीनदा. ती सोय चंद्रावर गेली.

उतरण्याच्या प्रोग्राममध्ये आणखी एक जागा आहे. लँडिंग रडारची अँटेना योग्य दिशेला नसेल तर संगणक अंतराळवीराला ती फिरवायची विनंती करतो. अंतराळवीर कळ दाबून, फिरवली, असं कळवतो. त्यावर प्रोग्राम अँटेना कुठे आहे ते स्वतः पुन्हा तपासतो, आणि त्या ओळीशेजारची नोंद सांगते : तो खोटं तर बोलत नाही ना, बघ.